बिननावाची पोथी

धामणखेडात चातुर्मासाची पोथी चुकल्याचं कुणाच्या आज्यानंही ऐकलं नव्हतं. पटकीच्या साथीत पोथी झाली, कोरड्या सालात झाली, महाराष्ट्र राज्य झालं त्या साली तर दुप्पट प्रसाद वाटून झाली. आणि त्यानंतर चारेक वर्षांनी, साथ नाही, दुष्काळ नाही, पाऊसपाणी बरं, तर पोथीच मिळेना. म्हणजे पोथी होती. गावातच होती, भगव्या फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवलेली. पण तो कोनाडा होता निवृत्तीच्या घरात, आणि निवृत्तीला गावानं वाळीत टाकलं होतं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यावा तर धामणखेडानं.

वच्छलाबाई ही निवृत्तीची थोरली बहीण. दिलेली गावातल्या गावात, पुंजाजीला. आणि वाळीत टाकायचा निवाडा दिला तोही पुंजाजीनंच, कारण जातीच्या बैठकीत शेवटचा शब्द त्याचा असे. एकीकडे भाऊ, दुसरीकडे नवरा, आणि मध्ये तीन गल्ल्या.

झालं होतं एवढंच. तिचा बाप भाऊराव चैत्रात वारला. जन्मभर गावाला पोथी वाचून दाखवणारा माणूस, पण मरताना पोरापाशी भलतंच बोलून गेला. "माह्या तेरवीची पंगत घालू नको. त्या दाण्यांच्या पैशात विहीर खोल कर." निवृत्तीनं बापाचा शब्द पाळला. तेरवीला हातात तांब्या घेऊन जेवायला निघालेलं गाव तसंच घरी परतलं, आणि उपाशी माणसाचा राग उतरतो, पण पंगत हुकलेल्याचा उतरत नाही. बैठक बसली. निवृत्तीशी बोलायचं नाही, त्याच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही, विस्तव-पाणी बंद. जो बोलेल तोही बाहेर. वच्छलाबाई दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. मेलेला बाप तिचाही होता, पण तिला कुणी विचारलं नाही.

तिला एकच घोर होता. सात वर्षांची असल्यापासून तिनं निवृत्तीला भाऊबीजेला ओवाळलं होतं. एक साल चुकलं नव्हतं. यंदा काय? तिनं एकदा नवऱ्यापाशी विषय काढून पाहिला. पुंजाजी पान लावता लावता म्हणाला, "तुह्या भावाच्या उंबऱ्याले पाय लावला, तं मंग तठीच राह्यजो." रागानं बोलला असता तर तिनं सोडून दिलं असतं. तो शांतपणे बोलला, म्हणून तो खरंच तसं करील हे तिला कळलं.

अर्धा श्रावण असाच बिनपोथीचा गेला. मग जळगाव जामोदहून एस.टी.च्या टपावर एक लाकडी पेटी आली. वाचनालयाची फिरती पेटी म्हणे. सरकार आता गावोगाव पुस्तकं पाठवणार होतं. ग्रामसेवक शंकररावांनी ती पंचायतीच्या खोलीत ठेवून घेतली आणि ते आपल्या गावी, दुसरबीडला, लांब रजेवर गेले. खोलीची किल्ली पुंजाजीकडे. पुंजाजीनं कडूबाला बोलावलं. भाऊरावांच्या माघारी घडाघडा नाही, पण अडखळत का होईना चारचौघांत वाचू शकेल असा कडूबाच होता.

कडूबानं पेटीतून सगळ्यात जाड पुस्तक उचललं. त्याचं कव्हर गेलेलं, पहिली पानं वाळवीनं खाल्लेली, वरून कुणीतरी लाल कापडाची बांधणी केलेली. नाव नाही, गाव नाही. पण उरलेल्या पहिल्या ओळीत नदी होती आणि दुसऱ्या ओळीत देऊळ. पोथीला आणखी काय लागतं?

"ओव्या काऊन नाईत बे याच्यात?" पुंजाजीच्या चुलतभावानं, तुळशीरामानं विचारलं.

"ही अर्थासगट पोथी हाये," कडूबा म्हणाला. "ओव्या काढून टाकल्या, अर्थ तेवढा ठेवला. टाइम वाचते."

सगळ्यांना पटलं. मारुतीच्या देवळात पाटावर पुस्तक ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पुंजाजीनं तळहातावर पाणी घेऊन संकल्प सोडला, की ही पोथी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकीन आणि तोवर दाढीला वस्तरा लावणार नाही. नारळ फोडून बसवलेली पोथी अर्धी सोडली तर काय होतं हे गावाला ठाऊक होतं. मागं एका सोयऱ्यानं सोडली, तर त्याची दुभती म्हैस विहिरीत पडली होती.

पुरुष पुढं बसले, बाया मागं खांबाच्या अंगानं. तुळशीरामाकडं हुंकार द्यायचं काम होतं. वाचणारा वाक्य संपवून थांबला की "हाव महाराज" म्हणायचं. कडूबा बोट ठेवून वाचू लागला.

पोथीतलं गाव मोठं शिस्तीचं होतं. सगळे एकाच वेळी दिवा लावत, एकाच वेळी विझवत. आणि त्या गावात एकाही घराला रस्त्याच्या बाजूनं खिडकी नव्हती. काऊन नव्हती, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पूर्वीपासून नव्हती. तिथं एक साळी होता, लुगडी विणणारा. त्याची नजर अधू झाली, मागावर उजेड पडेना, म्हणून त्यानं एके सकाळी पहार घेतली आणि रस्त्याच्या भिंतीला खिडकी पाडली.

"हाव महाराज," तुळशीराम म्हणाला.

वच्छलाबाईनं खांबाला टेकलेली पाठ सरळ केली. आजवर तिनं ऐकलेल्या पोथ्यांत राजे असत, राक्षस असत, शाप आणि उःशाप असत. पुढं काय होणार ते आधीच ठाऊक असे, म्हणून ऐकताना डुलकी लागली तरी पुण्य मिळे. इथं पुढं काय होणार ते ठाऊक नव्हतं. त्या रात्री भाकरी थापताना तिच्या मनात साळ्याची खिडकीच होती. आता गाव त्याला काय करील? तिला इतकं कुतूहल आयुष्यात कशाचं वाटलं नव्हतं, स्वतःच्या लग्नातल्या नवऱ्याचंसुद्धा नाही.

गावानं साळ्याला काय करायचं ते केलं. त्याचं लुगडं कुणी घेईना, त्याच्या घरी कुणी जाईना. कडूबा रोज दोन-चार पानं वाचे, कधी एकाच ओळीत रुतून बसे, आणि भादवा सरून आश्विन लागला तरी पोथी मुंगीच्या पायानं चाललेली. पण ऐकायला माणूस वाढत होता. साळ्याचं पुढं काय झालं, ही चौकशी आता पाणवठ्यावरही होऊ लागली.

मग तो अध्याय आला. त्यात लिहिणारा स्वतःच उठला आणि त्या गावात दारोदार फिरला. पहिल्या घरी त्यानं विचारलं, "बाबा रे, खिडकीनं तुझं काय बिघडलं?" घरवाला म्हणाला, "माझं काही नाही, पण लोक काय म्हणतील?" लिहिणारा लोकांना शोधत शेजारी गेला. शेजारीही तेच. असं करत करत तो गावाच्या टोकाला पोचला, आणि टोकाच्या घरातल्या म्हातारीनं बोट दाखवलं ते पहिल्या घराकडं. सगळं गाव पालथं घातलं, पण लोक काही कुठं राहत नव्हते.

कडूबानं पुढची ओळ वाचली, "आणि ज्याचा पत्ता सापडत नाही, त्याला भिऊन सगळं गाव अंधारात बसलं होतं."

"हाव महाराज," तुळशीराम सवयीनं बोलून गेला, आणि मग आपण कशाला हो म्हटलं ते त्याच्या ध्यानात आलं. पुंजाजी वाढलेल्या दाढीत खाजवत राहिला.

मागून कुणीतरी हसलं. रजेवरून परतलेले शंकरराव दारात उभे होते. "अहो, ही पोथी नव्हे," ते म्हणाले. "ही कादंबरी आहे. जुनी, नावाजलेली."

"नारळ फुटला तिच्यापुढं," पुंजाजी म्हणाला. "आता ती पोथीच."

शंकरराव निघाले तशी वच्छलाबाईनं त्यांना पारापाशी गाठलं. परक्या माणसाशी बोलायची तिची रीत नव्हती, पण राहवेना. पदर सारखा करून तिनं विचारलं, "मास्तर, हे गाव कुठी हाये?" गावात कागद हाती धरणारा प्रत्येक जण मास्तरच.

"कुठंच नाही, बाई. लिहिणाऱ्यानं रचलेलं आहे."

"कुठीच नाई? मंग आमच्या गावची गोष्ट त्याले कशी समजली?"

शंकररावांना आधी हसू आलं, मग ते पारावर टेकले. म्हणाले, "तोंडावर सांगितलं असतं तर लोकांनी त्याला गावाबाहेर काढलं असतं. म्हणून त्यानं दुसऱ्याच गावाची गोष्ट सांगितली. दुसऱ्याची उणीदुणी ऐकायला माणूस कान देऊन बसतो. आणि बसला की मग..."

"मंग सोताच सापडते त्यात," वच्छलाबाई म्हणाली.

पुढचे दोन दिवस तिला चैन पडेना. पोथीतला लिहिणारा दारोदार विचारत फिरला, तसं आपण करून पाहिलं तर? कापसाची पहिली वेचणी सुरू झाली होती. ओळीनं बाया वेचत होत्या. तिनं शेजारच्या ओळीतल्या मंजुळाबाईला विचारलं, "काय व, माह्या भावाशी तू काऊन बोलत नाईस?"

मंजुळाबाईनं इकडंतिकडं पाहिलं. "मले काय करा लागते बाई? माहं त्यानं काय घोडं मारलं? पन सोजराबाई गावभर करतीन ना."

सोजराबाई दोन ओळी पलीकडं. वच्छलाबाई बोंडं सोडून तिच्याकडं गेली. सोजराबाईनं ओटी झटकली. "मी? मी तं त्याच्या लेकरायले पाहून रडते माय. पन सुभद्राबाईचं घर लई कडक." सुभद्राबाई शेताच्या कडेला धुऱ्यावर पाणी पीत होती. ती म्हणाली, "आमच्या घरचे म्हणतात, तुळशीरामभाऊ ऐकणार नाईत." संध्याकाळी तुळशीराम बैल सोडताना भेटला, तर तो म्हणाला, "वहिनी, मी कोन? बैठकीत शब्द तुमच्या घरचा."

वच्छलाबाई घरी आली. पुंजाजी ओसरीवर बसला होता. तिनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि विचारलं, "अवो, निवृत्तीवर तुमचा राग हाये का?"

पुंजाजीनं तांब्या उचलला, परत ठेवला. "माहा काय राग? सासऱ्याचा शब्द पाळला त्यानं. पन मी एकटा काय करीन? लोकायनं ठरवलं."

ती आत गेली. चुलीपाशी जाऊन बसली आणि पदर तोंडात कोंबून हसली. हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी आलं, तिचं तिला कळलं नाही. ज्या भीतीनं तिचे सणवार गिळले होते, तिचा धनी गावात एकही नव्हता.

इकडं पुरुषांतही चुळबूळ सुरू झाली होती. तुळशीरामानं पुंजाजीला बाजूला घेतलं. "दादा, या साळ्याच्या जागी मले निवृत्तीच दिसून राह्यला. बंद करू ही पोथी."

"अन् म्हैस?" पुंजाजी म्हणाला. त्याच्याकडं दोन दुभत्या होत्या. "घाई नको करू. पोथीत शेवटी न्याय होतेच. पुढं त्या साळ्याले सजा होईन, पाय धरत येईन तो गावाचे. मंग गावालेही समजीन." पण त्याचा आवाज म्हणावा तसा ठाम नव्हता. खरं तर पुढं काय होतं ते त्यालाही पाहायचं होतं.

दिवाळी तोंडावर आली. वसुबारसेच्या संध्याकाळी कडूबानं पान उलटलं आणि तो थांबला. त्यानं पुन्हा मागचं पान पाहिलं, पुठ्ठा चाचपला. "पुंजाजीभाऊ, इथं लिहेल हाये, पूर्वार्ध संपला. उरलेली दुसऱ्या पुस्तकात."

पेटी उघडली, उपसली. दुसरा भाग नाही. शंकररावांना बोलावलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "तो वाचायला गेला आहे. माझ्याकडं पुस्तक मागायला या गावातून एकच माणूस येतो. त्याच्याशी कुणी बोलत नाही, म्हणून तो वाचतो. पहिला भाग तुमच्या पाटावर होता, तर म्हणाला, दुसरा तरी द्या."

नाव घ्यायची गरज नव्हती. पहिली पोथी ज्या घरात आहे म्हणून सोडली, तिथंच दुसरीही जाऊन बसली होती. गावाला अर्धी गोष्ट ठाऊक, निवृत्तीला उरलेली अर्धी. आणि कार्तिकी एकादशीच्या आत समाप्ती व्हायलाच हवी.

"तुम्ही आणा," पुंजाजी शंकररावांना म्हणाला.

"मुदत आहे अजून. मुदतीच्या आत मागायचा नियम नाही," शंकरराव म्हणाले. नियम आपल्या अंगावर आला की कसा लागतो, ते पुंजाजीनं पहिल्यांदाच चाखलं.

शेवटी कडूबाला पाठवलं, न बोलता पुस्तक आणायला. आता न बोलता कसं आणायचं? कडूबा निवृत्तीच्या आवाराच्या काटेरी कुंपणाशी जाऊन उभा राहिला. आत निवृत्ती बैलाला कडबा टाकत होता. कडूबानं बैलाकडं पाहून मोठ्यानं म्हटलं, "बैलबुवा, पोथीचा दुसरा भाग पाह्यजे होता. आमचा जीव टांगेल हाये."

निवृत्तीनं बैलाच्या पाठीवर थाप मारली. "बैला, सांग त्याले. पुस्तक माह्या नावावर हाये, कुठी जाणार नाई. ज्याले ऐकायचं त्यानं अठी या. अन् मलेही पहिला भाग ऐकायचा हाये म्हणा. त्या बुवानं खिडकी पाडली काऊन, तेच मले समजून नाई राह्यलं."

बैलानं शेपूट हलवली. कडूबानं निरोप जसाच्या तसा आणला, बैलाच्या शेपटीसकट, आणि देवळात बसलेले लोक पोट धरून हसले. पुंजाजी हसला नाही.

भाऊबीज उजाडली. वच्छलाबाईनं दुपारीच तबक लावलं. सुपारी, अक्षता, करंज्या, तेलवातीचं निरांजन. पुंजाजी ओसरीत बसून ते पाहत होता. ऊन कलल्यावर तिनं तबक उचललं, त्यावर पदर धरला आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"म्या सगळ्यायले विचारलं," ती म्हणाली. "मंजुळाबाईपासून तुमच्यापर्यंत. कोनाचाच राग नाई. मले ते लोक कुठी सापडले नाईत. तुम्हाले सापडले तं सांगजा, मी तठीच राहीन."

पुंजाजीचा हात पानाच्या डब्याकडं गेला. ती उंबऱ्याबाहेर पडली.

गल्लीत दाराशी बसलेल्या बायांनी विचारलं, "कुठी चालल्या, वच्छलाबाई?"

"पोथी ऐकाले," ती म्हणाली आणि थांबली नाही. तीन गल्ल्या तिला कधी एवढ्या लांब वाटल्या नव्हत्या.

निवृत्ती आवारात उभा होता. ती कुंपण ओलांडून आत आली तसा तो नुसता पाहत राहिला. मग "बाई!" म्हणाला. त्याच्या बायकोनं, सत्यभामाबाईनं पाट मांडला. वच्छलाबाईनं भावाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. निरांजन त्याच्या तोंडावरून फिरवताना तिला दिसलं, की वर्षभरात त्याच्या कानशिलावर पांढरं आलं होतं. तिला रडू फुटलं. मन भरून रडून घेतल्यावर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आता वाच. त्या साळ्याचं काय झालं?"

"तू आधी पहिला भाग सांग."

तिनं सांगितला. नदी, देऊळ, दिवे, खिडकी. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कडूबाचा एकेक अडखळलेला शब्द तिच्या डोक्यात होता. दारोदार फिरायचा अध्याय आला तेव्हा साळ्याच्या शेजाऱ्यांची नावं तिला आठवेनात, म्हणून तिनं गावातलीच घातली. ती फार चपखल बसली.

सांगता सांगता दिवेलागण झाली. कुंपणापलीकडं पाचोळा वाजला. कुणीतरी खाकरलं, कुणीतरी कुणाला गप्प केलं. सत्यभामाबाईनं डोकावून पाहिलं आणि परत येऊन हळूच म्हणाली, "सारं गाव बसेल हाये बाहेर. इकडं पाठ करून."

उंबऱ्याला पाय लागला नव्हता. कुणी बोललंही नव्हतं. रस्त्यावर बसायला काही बंदी नव्हती.

निवृत्तीनं कंदील जवळ ओढला, दुसरा भाग उघडला आणि बहिणीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात वाचू लागला. "उन्हाळा आला. आंधळ्या भिंतींच्या घरांत माणसं उकडून निघाली. गावात वाऱ्याची झुळूक होती ती एकाच जागी, साळ्याच्या खिडकीखाली. मग एके संध्याकाळी एकेक जण तिथं येऊन बसला. मात्र खिडकीकडं पाठ करून, म्हणजे आपण आलो असं लोकांनी म्हणू नये."

तो थांबला. हुंकार आला नाही. तुळशीराम बाहेरच होता, पण "हाव महाराज" म्हणायची त्याची छाती झाली नाही. निवृत्तीनं पान उलटलं आणि आणखी हळू आवाजात पुढं वाचायला लागला. बाहेरची कुजबुज वाढली. काय म्हणला? काय झालं साळ्याचं? ए, गप बसा ना बे!

आणि कुंपणापलीकडून एक आवाज आला. वच्छलाबाईनं तो लगेच ओळखला. त्या आवाजात राग होता, पण तो पान लावतानाचा शांत आवाज नव्हता.

"निवृत्ती! मोठ्यानं वाच ना बावा. ऐकू नाई येऊन राह्यलं."

जो बोलेल तो बाहेर, हा निवाडा ज्यानं दिला होता, तोच बोलला होता. निवृत्तीनं सवयीनं बैलाकडं पाहिलं, मग मान वळवून कुंपणाकडं.

"कुठून वाचू, दाजी?"

मग कुंपणाच्या झाप्याशी, फाटकाजवळ, चपला काढल्याचा आवाज झाला.

"सुरूपासून," पुंजाजी म्हणाला.

वच्छलाबाई उठली आणि कंदिलाशेजारचं घोंगडं आणखी लांब पसरायला लागली.